पंचवीस सह्यांचं गाणं

कळमनुरी
३ फेब्रुवारी १९७४

दादा, सप्रेम जयभीम.

अक्षर ओळखू येणार नाही. तू घर सोडलंस तेव्हा मी नववीत होते, आता इथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पोरं मला बाई म्हणतात. माय बरी आहे. बाबा तालुका कचेरीत शिपाई आहेत, अजून सायकलवर जातात. सात वर्षांत तुझं नाव घरात कुणी मोठ्यानं घेतलेलं नाही.

तुझा पत्ता मल्हारीनं दिला. त्याच्यावर रागवू नकोस, मीच त्याच्या मागं लागले होते. वारंगा फाट्यावर त्याचं चहाचं हॉटेल आहे. मेंढरं भावाकडं दिली. तुझं कार्ड त्यानं डब्यात जपून ठेवलंय. मी इतक्यांदा वाचलं की पाठच झालं: "जत्रेचं एक गाणं पिच्चरमध्ये येऊन राहिलं. दुसऱ्या कडव्याआधी हलगी वाजते, ती माझी."

काल मी ते ऐकलं. समुद्रापलीकडच्या रेडिओ स्टेशनावर शनिवारी संध्याकाळी 'सुरों की सीढ़ी' लागते ना, सोळा पायऱ्या, सोळा गाणी. त्याच्या शेवटी दोन मिनिटं नवीन गाणी वाजवतात. त्यात लागलं. हलगी सुरू झाली आणि मी भाकरी तव्यावर करपू दिली. निवेदकानं गायिकेचं नाव घेतलं, संगीतकाराचं घेतलं. तुझं कोण घेणार?

मी घ्यायला लावणार. गाणं पहिल्या पायरीवर गेलं की निवेदक त्या गाण्याची माहिती सांगतो, कुणी काय वाजवलं तेही सांगतो. तेव्हा मी त्याला लिहीन की हलगी ग्यानोबा सोनाजी यांची, राहणार कळमनुरी. आणि ते बाबांनी ऐकायचं. एवढंच ठरवलंय. कालच चाळीस कार्डं लिहून टाकली. तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पत्र घे मात्र. परत पाठवू नकोस.

तुझी
पंचफुला


कळमनुरी
१० मार्च १९७४

दादा, सप्रेम जयभीम.

पत्र परत आलं नाही, म्हणजे तुला मिळालं.

माझी चाळीस कार्डं वाया गेली. मुंबईत त्यांचं ऑफिस आहे, तिथून छापील उत्तर आलं. सुट्या कार्डांची मोजणी होत नाही म्हणे. दुकानांतून कुठली तबकडी किती मागितली जाते ते बघतात, आणि श्रोता संघांची पत्रं बघतात. संघाला नाव पाहिजे, गाव पाहिजे, महिन्याला एक बैठक पाहिजे, आणि पत्राखाली पंचवीस जणांच्या सह्या. एका संघाचं एक मत.

मी कळमनुरीचा संघ काढला. शाळेतले दोन गुरुजी, वस्तीतल्या पोरी, कचेरीतले कारकून. पंचवीस सह्या जमवायला अकरा दिवस लागले. "रेडिओ ऐकायला सही काहून लागते बाई?" असं विचारणाऱ्याला मी काय सांगू? मल्हारीनं फाट्यावर दुसरा संघ काढला. ट्रकवाले सही करतात आणि पुढच्या महिन्यात नांदेडच्या पलीकडं असतात. तरी दोन मतं झाली.

मग हिंगोलीला गेले. तिथं व्यंकटराव म्हणून एक गृहस्थ आहेत, रेडिओ आणि तबकड्यांचं दुकान आहे. आपल्या गाण्याची तबकडी मागवा म्हटलं तर हसले.

"बाई, दोन संघ? माझे अठरा आहेत."

"अठरा गावांत तुमची माणसं आहेत?"

"गावं कागदावर असतात. कंपनीचा माणूस सांगतो कोणतं गाणं वर न्यायचं, मी नेतो. अशीच चढतात गाणी. तुमाला काय वाटलं, लोकं ऐकून चढवतात?"

मला राग आला आणि मी उठून आले. परत येताना एसटीत मात्र अठराचा आकडा डोक्यातून जाईना.

बाबांना अजून काही ठाऊक नाही. मायला सांगितलं. ती म्हणाली, "त्याला इचार, वजन घटलं का वाढलं." विचारलं बघ.

पंचफुला


कळमनुरी
२१ एप्रिल १९७४

दादा,

सोळावी पायरी! चौदा दिवसांपूर्वी सोळावी, मागच्या शनिवारी तेरावी, काल अकरावी. आपल्याकडची अकरा संघांची पत्रं गेली. कशी ते विचारू नकोस. व्यंकटरावांनी तबकड्याही मागवल्या.

काल बाबा घरात असताना रेडिओ लावला. ते दारात बसून सायकलचं चाक पुसत होते. हलगी सुरू झाली तसा फडका थांबला. गाणं संपेपर्यंत थांबलेलाच होता. मग म्हणाले, "कोण वाजवून राहिलं?"

"ग्यानूदादा," मी म्हटलं.

ते उठले आणि चाक न बसवताच पायी कचेरीत गेले. संध्याकाळची वेळ होती. कचेरी बंद होती.

माय म्हणते, नुसतं उठून गेले, ओरडले नाहीत, हे चांगलं लक्षण आहे. मी थांबणार नाही. आणखी दहा पायऱ्या.

पंचफुला


कळमनुरी
२ जून १९७४

दादा,

रेल्वेचा संप मिटला, टपाल सुरू झालं. महिनाभर लिहिलं नाही याला संपाचं कारण देता आलं असतं. ते खरं नाही. लिहायचं धाडस नव्हतं.

अकरा संघांतले नऊ खोटे होते. मी परत व्यंकटरावांकडं गेले होते. त्यांनी रीत सांगितली: गावं खरी घ्या, नावं खरी वाटतील अशी घ्या, शाई बदला. मी शाळेच्या कपाटातले जुने हजेरीपट काढले. त्यातली नावं उतरवली, कधी उजव्या हातानं, कधी डाव्या. जी पोरं शाळा सोडून गेली, ज्या पोरी लग्न होऊन नांदायला गेल्या, त्यांना कुणी विचारणार नव्हतं.

मेच्या दुसऱ्या शनिवारी गाणं आठव्या पायरीवर आलं, आणि निवेदकानं पत्र पाठवणाऱ्या एका संघाची चार-पाच नावं वाचून दाखवली. तो खोटाच संघ होता. फाट्यावर मल्हारीच्या हॉटेलात तेव्हा पुंजाजी बसले होते. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचे, तुला आठवत असतील, गवंडीकाम करतात. तिसरं नाव लागलं, चांगुणा पुंजाजी.

चांगुणा माझ्या शाळेत तिसरीत होती. बहात्तरच्या दुष्काळात खडीच्या कामावर आईबरोबर गेली, तिथं हगवण लागून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाजी घरी आले. टोपी हातात धरून उभे राहिले.

"बाई, रेडिओत माझ्या पोरीचं नाव घेतलं. ती पत्र धाडून राहिली का?"

भांडायला आले नव्हते, दादा. खरंच विचारत होते. रात्रभर नवराबायको बसून होती. कुठं चुकून जगली असेल, कुणी नेलं असेल, असं त्यांच्या मनात आलं होतं. मातीत त्यांनी स्वतः घातलं होतं तिला, तरी.

मी सांगितलं. मी लिहिलं, पुंजाजी, हजेरीपट बघून, माझ्या हातानं.

त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "तिला सही येत होती का?"

"येत होती. चांगलं अक्षर होतं."

"मंग तुमी काहून केली?" असं म्हणून गेले.

त्याच दिवशी मी मुंबईच्या ऑफिसला सगळं लिहिलं. नऊ संघ खोटे आहेत, ते मी तयार केले, माझं नाव अमुक, मी शिक्षिका आहे. संपामुळं टपाल बंद होतं. मल्हारीनं उत्तमसिंग ड्रायव्हरच्या हातात पाकीट दिलं, तो मुंबईला माल घेऊन जात होता. उत्तमसिंग म्हणाला, "बाई, गाणं वर चढवायचं पत्र आहे का?" मी म्हटलं, खाली उतरवायचं आहे. त्यानं नीट पोचवलं. पुढच्या शनिवारी आपलं गाणं सोळांत नव्हतं. निवेदकानं गावाचं नाव न घेता सांगितलं की एका भागातली सगळी पत्रं रद्द केली आहेत. सगळी, म्हणजे खऱ्या दोन संघांचीही. व्यंकटराव मला रस्त्यात भेटले तर तोंड फिरवून गेले.

खरं लिहायला बसलेच आहे तर आणखी एक.

सात वर्षांपूर्वी तू मल्हारीच्या वाड्यावर मेंढरांत बसून हलगी शिकतोस, गोरेगावच्या जत्रेत वाजवलीस, हे बाबांना चुलत्यानं सांगितलं असं तुला वाटलं. चुलत्यानं नाही. मी सांगितलं. जेवताना सांगितलं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर बाबांनी गावकीची हलगी बंद केली, गाव अंगावर आलं तरी पुन्हा हात लावला नाही, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. मला वाटलं, मी बाबांच्या बाजूची. बाबा मला शाबास म्हणतील. त्यांनी तुझी हलगी चुलीत घातली आणि "या घरात ती राहील नाहीतर तू" म्हणाले, तेव्हा मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते.

आता हे पत्र परत पाठवलंस तरी तुझा दोष नाही. मी मात्र गाणं सोडणार नाही. आता खऱ्या सह्यांनी.

पंचफुला


कळमनुरी
२५ ऑगस्ट १९७४

दादा,

पत्र परत आलं नाही. मी रोज पोस्टात विचारते.

पुन्हा एकपासून सुरुवात केली. पहिली बैठक फाट्यावर घेतली, आधी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं आणि मग वही पुढं केली. सहा जण उठून गेले. उरलेल्यांनी सह्या केल्या. शेवटी मागच्या बाकावरून पुंजाजी आले. सही करायला त्यांना बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

मायनं तर कमाल केली. ती गोरेगावला माहेरी गेली आणि बायकांचा संघ काढते म्हणाली. वहीवर एकतीस अंगठे घेऊन आली. ऑफिसनं कळवलं, अंगठे चालत नाहीत, सह्या पाहिजेत. मी म्हटलं, राहू दे माय. ती चिडली.

"काहून राहू दे? तू मास्तरीण कशाला झाली मंग?"

तेव्हापासून दर रविवारी मी जीपनं गोरेगावला जाते. खुरपून आलेल्या बायका दुपारी समाजमंदिरात बसतात, तिथल्या आपल्या वस्तीतल्याही आणि मेंढरांवाल्या धनगरांच्याही. आधी वेगवेगळ्या भिंतींना बसत. पाट्या कमी पडायला लागल्या तशा जवळ सरकल्या. चंद्रभागाबाई नावाची एक म्हातारी आहे. तिचं नाव इतकं लांब की तिला पाटी पुरत नाही. ती म्हणते, "माझ्या बापानं काहून इतकं मोठं नाव ठेवलं, चंद्री म्हटलं असतं तर मागंच झालं असतं." मागच्या रविवारी तिला पूर्ण आलं. तिनं ते स्वतःच्या घराच्या दारावरही कोळशानं लिहिलंय.

पिच्चर हिंगोलीच्या टॉकीजला लागला. गाडी करून सगळ्या बायका गेल्या. बाबा आले नाहीत. पण शनिवारी ते आता दारातून उठून जात नाहीत.

हिंगोली, सेनगाव, बाळापूर, औंढा इथंही संघ झाले. खरे सात. मी प्रत्येक बैठकीला जाते. वजन माझंच घटलंय.

पंचफुला


कळमनुरी
१३ ऑक्टोबर १९७४

दादा,

काल संध्याकाळी चौदावी पायरी. आणि निवेदक म्हणाला, "गोरेगाव महिला श्रोता संघ, ज़िला परभणी," आणि पाच नावं वाचली. चंद्रभागाबाईचं नाव वाचताना तो अडखळला. तिकडं गोरेगावात काय झालं असेल ते मी आज गेल्यावर ऐकीन.

इथं बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. हलगी संपल्यावर म्हणाले, "हात चांगला आहे. डाव्या बोटाची काडी जराशी उशिरा येऊन राहिली. कुणी शिकवलं त्याला?"

मी म्हटलं, कुणीच नाही.

"तेच तर," बाबा म्हणाले, आणि आत गेले.

तुला एवढं एकच लिहायचं होतं म्हणून सकाळीच बसले.

पंचफुला


कळमनुरी
१७ नोव्हेंबर १९७४

दादा, सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. सात वर्षांतलं पहिलं. दिवाळीच्या सुट्टीत आलं. मी चुलीपाशी बसून वाचलं, कारण धुरात कुणी डोळ्यांचं विचारत नाही.

म्हणजे ती हलगी तुझी नाही. चार दिवस तालमीला तुला बोलावलं, पाचव्या दिवशी रेकॉर्डिंगला दुसरा माणूस बसवला. मल्हारीला कार्ड तू चौथ्या दिवशी रात्री टाकलं होतंस. तेव्हापासून गोदीत पोती उचलतोस. चहाच्या टपरीवर रेडिओत वारंगा फाटा, गोरेगाव अशी नावं ऐकलीस आणि चहा तसाच टाकून उठलास. तू लिहितोस, "माझ्या एका खोट्यापायी तुम्ही गावंच्या गावं कामाला लावली. मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. इकडं येऊ नका."

आणि खाली एक ओळ: "तू सांगितलंस ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तू भाकरी खात नव्हतीस."

ही ओळ मी अजून पूर्ण वाचू शकले नाही. मध्येच थांबते.

दोन दिवस मी कुणाला सांगितलं नाही. खरं सांगते, लपवावं असंही मनात आलं. कुणाला कळणार होतं? हलगीवर नाव थोडंच लिहिलेलं असतं. मग पुंजाजी डोळ्यांपुढं आले. मी सातही संघांना निरोप पाठवला, काल शनिवारी समाजमंदिरात सगळ्यांना बोलावलं आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. शेवटची ओळ सोडून.

बाबा पहिल्या रांगेत होते. मला त्यांच्याकडं बघवेना. मल्हारी उठून म्हणाला, "चूक माझी. मी कार्ड दाखवलं." पुंजाजी म्हणाले, "चुकीचं सोडा. त्यानं खरं कळवलं का न्हाई? मंग झालं."

मग चंद्रभागाबाई उठली. "बाई, एक इचारू? ग्यानोबासाठी आमी सही केली असं तुमाला कुणी सांगितलं?"

"मग कशासाठी केली?"

"आमाला सही करायची होती. आन् गाणं तुमीच सांगितलं होतं. आता आमचं आमाला ठरवू द्या." आणि काय झालं ठाऊक आहे? गोरेगावच्या बायकांनी तिथंच हात वर करून मतं घेतली आणि जत्रेचं गाणं सोडून दिलं! हल्ली त्याच कार्यक्रमात एक नवा पाळणा, अंगाईचं गाणं, लागतं, तो त्यांना जास्त आवडतो म्हणे. एकतीसपैकी सव्वीस मतं पाळण्याला. सेनगाववाल्यांनी जत्रेचंच ठेवलं. फाट्यावर अजून भांडण चालू आहे. दहा महिने मी ज्याच्यामागं धावले ते गाणं माझ्या डोळ्यांसमोर माझ्याच संघांनी खाली ढकललं, आणि मला हसू आलं, दादा. व्यंकटरावांना सांगायला पाहिजे होतं, लोकं ऐकूनही चढवतात.

सगळे गेल्यावर बाबा तिथंच बसून राहिले. मी शेजारी बसले. ते म्हणाले, "ती त्याची न्हाई, हे मला ठाऊक न्हाई पडलं. बाप असून. त्याचा हात मी कधी ऐकलाच न्हाई."

मी कंदील जवळ ओढला.

"पंचफुले, गावकीत मला दाराशी उभं करायचे. मेल्याला वाजव, लग्नाला वाजव, साहेब आला वाजव. पाणी वरून ओतायचे. मी हलगी सोडली न्हाई, तो हुकूम सोडला. पोरगं आपल्या खुशीनं वाजवत होतं, मेंढरांपुढं, कुणाच्या हुकमानं न्हाई. तेवढा फरक मला त्या दिवशी दिसला न्हाई. मी हुकमावरच धावून गेलो आन् लेकरू मधी सापडलं."

"हे त्याला लिहू का बाबा?"

"लिहून काय होते? पत्रावर माणूस येत न्हाई, त्यानं लिहिलंच आहे तसं. गाडी कधी असते ते बघ."

बघितली. येत्या शनिवारी, २३ तारखेला, आम्ही तिघं निघतो. हिंगोलीहून पूर्णा, पूर्ण्याहून मनमाड, तिथं गाडी बदलून दादर. सोमवारी सकाळी पोचू. बाबांनी रजा घेतली. माझी सुट्टी आहेच. शनिवारची बैठक मल्हारी घेईल. आमच्याशिवाय चालते ती आता.

तू येऊ नका लिहिलंस ते बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, सात वर्षांपूर्वी त्यानं माझं ऐकलं आणि निघून गेला, त्यात कुणाचं भलं झालं? आता मी त्याचं ऐकणार नाही. मायनं लाडू बांधलेत. तुझं वजन ती स्वतः बघणार आहे.

खोली बदलायची असेल तर सोमवारनंतर बदल, आम्ही सामान उचलू लागू. स्टेशनावर आलास तर बरं. नाही आलास तर आम्ही पत्त्यावर येतो. माझी सगळी पत्रं त्या पत्त्यावर पोचली आहेत, एकही परत आलेलं नाही.

तुझी
पंचफुला